पैसे पाण्यात घालावेत की हवेत उडवावेत?

तळ्याकाठची | ६ जानेवारी, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं अंदमानला चाललोय: मी, नवरा, अकरावीतली लेक आणि सासरे अप्पा (वय ६८, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत). विमान, हॉटेलं, बोटी सगळं झालंय. गाडी अडलीये ती 'वरच्या' खर्चावर. एजंटने यादी पाठवली आहे: स्कूबा, सी वॉक (हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणं), काचेच्या तळाची बोट, जेट स्की, पॅरासेलिंग, रात्रीचं कयाकिंग. प्रत्येकापुढे माणशी आकडा. सगळं करायचं म्हटलं तर तेवढ्यात आमची आणखी एक कोकण सहल होते.

काल जेवताना विषय काढला, तर अप्पा म्हणाले, "एवढे पैसे पाण्यात घालायचे?" लेक म्हणाली, "हो अप्पा, अक्षरशः पाण्यातच घालायचेत." मग दोघं हसत बसले आणि निर्णय राहिला बाजूला.

तर प्रश्न असा: प्रवासात पैसे मोजून केलेली कुठली गोष्ट तुम्हाला वसूल झाल्यासारखी वाटली, आणि कुठे नुसतं पाकीट हलकं झालं? अंदमानचंच पाहिजे असं नाही. मला पोहता येत नाही, हेही सांगून ठेवते.

डोंगरवेडा | ६ जानेवारी, रात्री ११.१८

स्कूबा. डोळे मिटून करा. (पाण्यात गेल्यावर उघडा.)

फुकटे_काका | ७ जानेवारी, सकाळी ६.०५

आमच्या वेळी प्रवासाला गेलं की समुद्राकडे बघायचो, वाळूत बसायचो, भेळ खायचो. शून्य रुपये. भेळेचे सोडून.

पैसे देऊन घाबरून घ्यायची ही नवी फॅशन मला कळत नाही. घाबरायचंच असेल तर संध्याकाळी सात वाजता घोडबंदर रोडवर दुचाकी काढा. येऊरला पहाटे चालत जा, नाणेघाटात जा, राजमाचीला जा. पाय आपले, डोंगर आपला.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

पोटोबा | ७ जानेवारी, सकाळी ९.३०

काका, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण नाणेघाटाच्या पायथ्याला तुम्ही एसटीने जाता की गाडी करून, तेही सांगा.

ऐरोलीकर | ७ जानेवारी, सकाळी १०.१५

ताई, अंदमानला जायचं तेव्हा जा, पण त्याआधी अप्पांना घेऊन आमच्याकडे ऐरोलीला या. गंमत नाही करत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाच्या बोटी ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवायला नेतात. अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळाला. आम्ही मात्र ऐरोली पुलावरून जाताना वास आला की काचा वर करतो.

बोट भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे रोज वेळ वेगळी. पाणी पुरेसं नसेल तर बोट गाळात रुतेल, आणि पक्षी तर त्या गाळावरच चरतात. म्हणून पाणी चढत असताना निघतात, तेव्हा पक्षी उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर दाटीवाटीने उभे असतात. मान खाली, चोच उलटी धरून पाणी गाळत. गुलाबी रंग ते पाण्यातलं जे शेवाळ खातात त्यातून येतो. पिल्लं राखाडी असतात. माझी मुलगी पहिल्यांदा म्हणाली होती, "बाबा, हे धुवायचे राहिलेत."

मी दरवर्षी एकदा जातो. माझ्या मते पैसे द्यावेत ते अशा ठिकाणी, जिथे आपलं आपण जाताच येत नाही.

खाडीअलीकडचा | ७ जानेवारी, सकाळी १०.४०

नवी मुंबईकरांनी ठाणेकरांना ठाणे खाडी दाखवायचे पैसे घ्यावेत, हे म्हणजे फारच झालं. खाडीचं नाव बघा जरा.

ऐरोलीकर | ७ जानेवारी, सकाळी १०.४४

नाव तुमचं, पक्षी आमचे. तुम्ही तलावपाळीवर पायडलची बोट हाणा.

मालवणी_खाजा | ७ जानेवारी, दुपारी १.२०

मूळचा मालवणचा, सध्या खारघर. चुलतभाऊ तारकर्लीला स्कूबात आहे, सुट्टीत मीही त्याच्या बोटीवर दोरखंड ओढले आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

१) पोहता येत नसलं तरी पहिली ओळखीची डाइव्ह करता येते. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमची टाकी धरून असतो. तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. हे 'फक्त' लिहायला सोपं आहे. पहिली दोन मिनिटं मेंदू नाक सोडायला तयार नसतो. त्यामुळे आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेतात का, हे विचारा. थेट बोटीवरून खाली सोडणारा असेल तर दुसरीकडे जा.

२) खाली जाताना कान दुखायला लागायच्या आधी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दर थोड्या वेळाने. दुखेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. सर्दी झाली असेल तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नका.

३) जाण्याआधी आजारांचा फॉर्म भरून घेतात. लोक खोटं लिहितात, कारण खरं लिहिलं तर नाही म्हणतील. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदय, बीपी, सगळं खरं लिहा. अप्पांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका. सी वॉकलाही तोच नियम लावा. डोक्यावर हेल्मेट असलं तरी पाण्याचा दाब कानांवर तितकाच येतो.

४) सर्वात महत्त्वाचं: डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका. एका डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी निदान १२ तास, एकाहून जास्त केल्या तर १८ तास जावे लागतात. पुष्कळ जण सरळ २४ धरतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एजंटला हे माहीत असेलच असं नाही.

५) अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ 'मस्त' नसतो, 'मला वर न्या' असतो. 'ठीक आहे' म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. भावाकडे एक पाहुणे आले होते. खाली मासे बघून इतके खूश झाले की अंगठा दाखवला. प्रशिक्षकाने वर आणलं. परत खाली नेलं, परत अंगठा. तीनदा झालं. शेवटी वर येऊन म्हणतात, "अहो, मी कौतुक करतोय तुमचं!"

सुमेधा_नेरूळ | ७ जानेवारी, दुपारी १.५०

हहपुवा!! वाखुसा (वाचनखूण साठवली).

पोटोबा | ७ जानेवारी, दुपारी २.१०

मालवणचा विषय निघालाच आहे तर तारकर्लीला डाइव्हनंतर सुरमई थाळी कुठे

प्रशासक | ७ जानेवारी, दुपारी २.१५

पोटोबा, खाण्याचा धागा वेगळा आहे. घोडबंदर रोडचाही वेगळा आहे.

हवाहवाई | ७ जानेवारी, संध्या. ७.३०

पाण्याचं झालं, आता हवेतलं घ्या.

कामशेतला पॅराग्लायडिंग केलं. पायलट तुमच्या मागे बांधलेला असतो. तो एकच गोष्ट दहा वेळा सांगतो: मी सांगेपर्यंत धावत राहा, बसू नका. कड्याच्या टोकाला जमीन संपताना दिसली आणि मी बसले. ढुंगणावर. खडकावर. पायलट बिचारा माझं वजन ओढत चार पावलं घसरला आणि मग कसेबसे उडालो. वर मात्र शांतता अशी की पवना धरणाकडून येणारा वारा कानात वाजतो तेवढाच. पण वारा पडला आणि आम्ही पाचेक मिनिटांत खाली. पैसे ठरलेले, मिनिटं वाऱ्याच्या मर्जीवर.

मग दोन वर्षं पैसे साठवून हिमाचलला बीर-बिलिंगला गेले. उड्डाण बिलिंगला साधारण २४०० मीटरवर, उतरायचं खाली बीरला, मागे धौलाधारची बर्फाची भिंत. २०१५ साली पॅराग्लायडिंगचा विश्वचषक तिथेच झाला. तिथे अर्धा तास मिळाला. त्यात शेवटची दहा मिनिटं मला मळमळत होतं, आणि व्हिडिओचे वेगळे पैसे दिल्यामुळे तेही चित्रित झालंय. घरात दर दिवाळीला लावतात.

तात्पर्य वगैरे नाही. बीरचे पैसे वसूल, कामशेतचे अर्धे. व्हिडिओचे कधीच देऊ नका.

फुकटे_काका | ७ जानेवारी, संध्या. ७.४५

ओकायला पैसे.

हवाहवाई | ७ जानेवारी, संध्या. ७.४७

काका, तुम्ही मागच्या वर्षी कोजागिरीला भेळ खाऊन फुकटात ओकला होतात. सगळ्या कट्ट्याने पाहिलंय.

वाशीचा_वाटाड्या | ८ जानेवारी, सकाळी ८.००

एक कडू अनुभव. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग. तिथलं पाणी म्हणजे नदीचं आपलं पाणी नव्हे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडतात, त्यावर राफ्ट चालतात. म्हणजे पाणी येईल तेव्हा तुम्ही हजर पाहिजे.

आमचा जो संयोजक होता (नाव घेत नाही) त्याने वाशी प्लाझाखाली पहाटे साडेचारला बोलावलं. आम्ही बारा जण चार पंचविसाला हजर. बस आली पावणेसहाला. कारण, ती आधी ठाण्याहून दुसरा ग्रुप घेऊन आली. पुढे गोवा महामार्गाचं तुम्हाला माहीतच आहे. पेणला त्याने नाश्त्याला गाडी थांबवली, पोहे संपलेले होते, ते नवीन होईपर्यंत बसलो. काठावर पोचलो तेव्हा शेवटच्या राफ्ट निघून गेल्या होत्या. नदीत पाणी उतरत चाललेलं. हेल्मेट आणि जॅकेट घालून आमचा ग्रुप फोटो आहे, मागे ओले दगड.

पैसे परत? "सर, पाणी आमच्या हातात नाही." अर्धी रक्कम तीन महिन्यांनी मिळाली, तीही रोज फोन करून. तेव्हापासून दोन नियम: आदल्या रात्री तिथेच मुक्काम, आणि रद्द झालं तर काय, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी.

अवांतर: पुढच्या वर्षी परत गेलो, मुक्काम करून. राफ्टिंग झकास आहे. म्हणजे राग माणसावर, नदीवर नाही.

खाडीअलीकडचा | ८ जानेवारी, सकाळी ८.२०

ठाण्याचा ग्रुप म्हणजे आम्ही होतो का हो? आम्हालाही त्या बसने चारला बोलावून पाचला उचललं होतं.

वाशीचा_वाटाड्या | ८ जानेवारी, सकाळी ८.२२

पोहे कोणी संपवले ते कळलं.

गुडघेदुखी_आजी | ८ जानेवारी, सकाळी ११.००

मुलांनो, मी कळव्याची. वय ७२. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. तरीही माझं मत ऐका.

सहा वर्षांपूर्वी काठमांडूला गेलो होतो. तिथून सकाळी लहान विमान निघतं, तासभर हिमालयाच्या रांगेसमोरून नेऊन परत आणतं. प्रत्येकाला खिडकी. यांनी दर ऐकून "फोटोत दिसतो की एव्हरेस्ट" म्हटलं. मी माझ्या पेन्शनमधून दोघांची तिकिटं काढली. पहिल्या दिवशी धुकं, उड्डाण रद्द. दुसऱ्या दिवशी मिळालं. हवाई सुंदरी प्रत्येकाकडे वाकून बोटाने शिखरं दाखवत होती. एव्हरेस्ट मला वाटला होता तसा टोकदार पांढरा नव्हताच. काळपट, रुंद, डोक्यावरून बर्फाचा धूर निघालेला. लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात नाव घोकलेलं, ते असं समोर.

परत येताना हे एक शब्द बोलले नाहीत. हॉटेलात आल्यावर म्हणाले, परत जाऊया का उद्या? आता ते नाहीत. तिकीट मात्र जपून ठेवलंय.

तळ्याकाठची, तुझ्या सासऱ्यांना विचार त्यांना काय बघायचंय. सगळे त्यांना किनाऱ्यावर पिशव्या सांभाळायला बसवतात.

सुमेधा_नेरूळ | ८ जानेवारी, सकाळी ११.२५

आजी, नमस्कार.

मी जरा उलटं बोलते. साहस वगैरे सोडा, मला सगळ्यात वसूल झालेला खर्च म्हणजे अजिंठ्याचा परवानाधारक गाइड. दोनदा गेलो. पहिल्यांदा आपले आपण. अंधार, गर्दी, पुसट चित्रं, तासाभरात बाहेर येऊन उसाचा रस. दुसऱ्यांदा गाइड घेतला. पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धासमोर त्याने दिवा एका बाजूला धरला, तर चेहरा हसरा. दुसऱ्या बाजूला नेला, तर उदास. समोरून धरला, तर ध्यानस्थ. तीच मूर्ती. माझा मुलगा, जो तोवर मोबाइलला रेंज शोधत होता, तो म्हणाला, परत करा.

चौघांच्या एका हॉटेलच्या जेवणात गाइडचे पैसे निघतात, पण आपण तिथे घासाघीस करतो आणि पनीरवर करत नाही.

(अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. उलटसुलट करून हात हलवत आलेले लोक पाहिलेत, त्यात आमचे हे एक.)

डोंगरवेडा | ८ जानेवारी, दुपारी १२.१०

सुमेधाताईंना +१. काकांना उत्तर: सांदण दरीत मी आधी फुकट गेलो होतो, म्हणजे साम्रदहून आत शिरलो, पाण्याच्या डबक्यापर्यंत गेलो आणि परत. पुढचे कडे दोराशिवाय उतरता येत नाहीत. नंतर पैसे भरून जाणत्या लोकांबरोबर पूर्ण उतरलो. दोन्ही भिंती इतक्या जवळ की मध्ये आकाशाची फीत दिसते. तिथे मला दोर लावणाऱ्या पोराने माझी गाठ तीनदा तपासली, नंतर दुसऱ्याला तपासायला लावली. मी त्या चौथ्या तपासणीचे पैसे देतो, काका. डोंगर फुकटच आहे.

फुकटे_काका | ८ जानेवारी, दुपारी १२.३०

हे पटलं. पण भाकरी-पिठलं साम्रदलाच खाल्लंस ना? तिथे पैसे सोडायला माझी ना नाही.

निवांत_घणसोली | ८ जानेवारी, रात्री ९.४०

तुर्कस्तानातल्या कपॅडोकियाचा गरम हवेचा बलून कोणीच कसा काढला नाही? आमचं पंचविसावं लग्नवर्ष होतं. दोघांच्या तिकिटात इथे चांगली जुनी दुचाकी आली असती. पहाटे चारला उठवलं, कारण वारा सूर्योदयालाच शांत असतो. बलूनला सुकाणू नसतं. पायलट फक्त वर-खाली करतो आणि ज्या उंचीवर हवी ती हवा मिळेल तिच्याबरोबर जातो. खाली एक गाडी शेताशेतातून मागे पळत असते, उतराल तिथून गोळा करायला.

खरं सांगू? सुंदर होतं. पण खाली उभं राहून आकाशभर बलून बघणं हे आत बसण्याहून सुंदर आहे, आणि ते फुकट आहे. बायकोचं मत वेगळं आहे. तिने हे वाचल्यास मी काही लिहिलेलं नाही.

आणि हो, प्रवास विम्याची पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी प्रकार वगळलेले असतात. मला आल्यावर कळलं.

देवगडचा_हापूस | ९ जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, यादीतलं रात्रीचं कयाकिंग सोडू नका. हॅवलॉकला (२०१८ पासून स्वराज द्वीप) कांदळवनात नेतात. पाण्यात सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की निळसर चमकतात. वल्हं मारलं की उजेड. फक्त चांदणं नको. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर काही दिसणार नाही आणि तरी पैसे घेतील. कालनिर्णय काढा आणि अमावस्येजवळची रात्र पकडा.

आमच्या किनाऱ्यावरही कधीकधी लाटा अशा पेटलेल्या दिसतात. पण ते नशीब, त्याचं बुकिंग नसतं.

जेट स्की रद्द करा. दोन मिनिटांची रिक्षा आहे ती.

तळ्याकाठची | ९ जानेवारी, रात्री १०.००

किती छान लिहिता सगळे! आजींचं वाचून अप्पांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "मला खाली जायचं नाही, पण अंधारातली होडी चालेल." आम्हाला सुचलंच नव्हतं.

तर ठरलं ते असं: स्कूबा तिघांना, दुसऱ्या दिवशी (शेवटच्या नव्हे!). रात्रीचं कयाकिंग चौघांना, अमावस्येच्या आदल्या रात्री. अप्पांबद्दल डॉक्टरांशीही बोलून घेतलं. जेट स्की, पॅरासेलिंग, काचेची बोट, सगळ्यावर काट.

पोटोबा | ९ जानेवारी, रात्री १०.०५

वाचलेल्या पैशात खेकडा.

तळ्याकाठची | २८ फेब्रुवारी, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. परवा आलो.

स्कूबा: मी पहिल्या मिनिटाला वर आले. दुसऱ्यांदा गेले, परत वर आले. प्रशिक्षक पोरगा वीस-बावीसचा, अजिबात चिडला नाही. म्हणाला, मॅडम, खाली बघू नका, माझ्या डोळ्यांत बघा आणि मोजा. तिसऱ्यांदा जमलं. मालवणी_खाजा, तुम्ही एक सांगितलं नव्हतं: खाली आवाज असतो! हिरवा-निळा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, त्याचा कुरुम-कुरुम आवाज, शेजारी बसून कोणीतरी चकली खातंय असा. मी इतकी खूश झाले की अंगठा दाखवला.

हो. वर नेलं.

नवऱ्याच्या कानाला दडा बसला, त्याने अर्ध्यातून सोडलं. पैसे परत नाहीत. त्याची कुरकुर अजून चालू आहे, दोन्ही कानांनी. लेकीला आता पूर्ण कोर्स करायचाय, ते बारावीनंतर बघू.

कयाकिंग: लाइफ जॅकेट चढवून अप्पा गाइडच्या होडीत बसले. कांदळवनात शिरल्यावर दिवे बंद. आधी काहीच दिसेना, मला वाटलं फसलो. मग अप्पांनी पाण्यात हात घातला आणि बोटांमागून निळी रेघ ओढत गेली. ते हात काढेनात. खूप वेळाने अंधारातून आवाज आला, "हे आमच्या वेळणेश्वरला होतं की. मी सात-आठ वर्षांचा असेन, काकांच्या होडीवर. फुकट होतं."

मालवणी_खाजा | २८ फेब्रुवारी, रात्री ९.२५

दुसरा पाहुणा मिळाला! भावाला सांगतो.

फुकटे_काका | २८ फेब्रुवारी, रात्री ९.३०

अप्पांना माझा साष्टांग नमस्कार. आपला माणूस.

तळ्याकाठची | २८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

काका, पण तुमचा माणूस आता फिरलाय. काल सकाळी चहा पिताना विचारत होते, ते ऐरोलीचे पक्षी अजून आहेत का, आणि बोटीचे किती घेतात. ऐरोलीकर, या रविवारी भरती कधी?

ऐरोलीकर | २८ फेब्रुवारी, रात्री ९.५२

आहेत, मे संपेपर्यंत असतात. रविवारची वेळ केंद्रात विचारून सकाळी इथेच टाकतो. बुकिंग आधी करा, सुट्टीच्या दिवशी बोट भरते. अप्पांसाठी टोपी आणा, ऊन फार लागतं.

खाडीअलीकडचा | २८ फेब्रुवारी, रात्री ९.५५

दोन जागा माझ्याही धरा. कोणाला सांगू नका.